पंचांग चाळायचे कसे?

पंचांग विकत घेणारी घरे आपल्या नगर जिल्ह्यात अजून पुष्कळ आहेत. वाचणारी मात्र कमी होत चालली आहेत. लग्नाची तारीख, संकष्टीचा चंद्रोदय, एकादशी आज की उद्या, एवढ्यापुरते ते उघडायचे आणि काम झाले की परत खिळ्याला अडकवायचे, असा रिवाज पडला आहे. ही कामे आता मोबाइल करतो, मग पुस्तक हवे कशाला, असे तरुण मंडळी विचारतात. विचारले तेवढेच मोबाइल सांगतो. पंचांग चाळताना न विचारलेल्या गोष्टी हाती लागतात आणि खरी गोडी तिथेच आहे. हा छंद स्वस्त आहे, वर्षभर पुरतो, आणि त्यासाठी ज्योतिषी असावे लागत नाही. काही खुणा तेवढ्या माहीत हव्यात. त्या इथे सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे पुस्तकरूपातले पंचांग घ्या. भिंतीवरची दिनदर्शिका घरात असू द्यावीच. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ सुरू केले आणि पंचांगातली निवडक माहिती स्वयंपाकघराच्या भिंतीवर आणली. सगळ्या धर्मांचे सण एका पानावर दिसू लागले, हा त्याचा मोठा उपकार. पण चाळायला पुस्तकच लागते. आपल्याकडे बहुतेक घरांत सोलापूरचे दाते पंचांग असते. नानाशास्त्री दात्यांनी सुरू केलेले हे पंचांग शंभर वर्षांहून अधिक काळ निघते आहे. भारत सरकारही ‘राष्ट्रीय पंचांग’ काढते आणि ते मराठीतही मिळते. यांतले कोणतेही घ्या, पण दरवर्षी तेच घ्या. पानांची रचना डोळ्यांत बसली की वाचन सोपे होते, शिवाय मागच्या वर्षाशी ताडून पाहता येते. दोन पंचांगे शेजारी ठेवणार असाल तर एक सांगून ठेवतो: टिळक पंचांगाचे गणित वेगळ्या आरंभबिंदूवरून चालते, म्हणून त्यातला अधिक महिना कधी कधी इतरांपेक्षा निराळा येतो. ती छापण्यातली चूक नव्हे.

आता पहिले पान. तिथे शक आणि संवत्सराचे नाव असते. इंग्रजी सनातून ७८ वजा केले की शक मिळतो. जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ वजा करायचे. संवत्सरे साठ आहेत, प्रभवपासून क्षयपर्यंत, आणि साठ संपली की पुन्हा पहिले. कोणत्याही वर्षाचे संवत्सर तुम्ही स्वतः काढू शकता. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो क्रमांक. शके १९४८ अधिक १२ म्हणजे १९६०; ६० ने भागून उरतात ४०; चाळिसावे संवत्सर पराभव. हे जमले की आपल्या जिल्ह्यातले सर्वांत मोठे वर्ष घेऊन बघा. नेवाशाला पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते शके १२१२. त्यात १२ मिळवले की १२२४, बाकी २४, संवत्सर विकृती. हेच संवत्सर त्यानंतर बारा फेरे करून २०१० साली पुन्हा आले होते आणि आता २०७० साली येईल. घरात शाळकरी मुले असतील तर त्यांना आजी-आजोबांच्या जन्मवर्षाचे संवत्सर काढायला सांगा. भागाकाराचा इतका चांगला सराव दुसरा नाही.

पुढे महिन्यांची पाने लागतात आणि आकड्यांची गर्दी पाहून बरेच जण इथेच पुस्तक मिटतात. घाबरू नका. एका वेळी एकच ओळ वाचायची. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही पाच अंगे ओळीने असतात, आणि वार सोडून प्रत्येकापुढे ते किती वाजता संपते ती वेळ. अमावास्या ३० या आकड्याने दाखवलेली असते. काही पंचांगांत मध्यरात्रीनंतरचे तास २५, २६ असे पुढे मोजलेले असतात. २६ वाजून १० मिनिटे म्हणजे उत्तररात्रीचे २ वाजून १०. जुन्या पंचांगात घटी-पळे आढळतील. एक घटी २४ मिनिटांची आणि दिवसरात्र मिळून ६० घटी.

पाचांपैकी तिथीवर जरा थांबा, कारण सणांचा सगळा घोळ तिच्यापाशी उकलतो. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. चंद्राची चाल सारखी नसते, म्हणून तिथी कधी १९-२० तासांत उरकते, कधी २६ तासांपर्यंत लांबते. सूर्योदयाला जी तिथी चालू असते तिचे नाव त्या दिवसाला मिळते. एखादी तिथी सूर्योदयानंतर लागून पुढच्या सूर्योदयाआधीच संपली तर तिला दिवसच मिळत नाही. ती क्षय तिथी. १९ मार्च २०२६ चा पाडवा बघा. त्या दिवशी सूर्योदयाला अमावास्याच आहे, थोड्या वेळाने प्रतिपदा लागते आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत संपते. वर्षाची पहिलीच तिथी क्षयाची! गुढी मात्र त्याच दिवशी उभारायची, कारण प्रतिपदा दुसरीकडे कुठे सापडतच नाही. हे एकदा पुस्तकात स्वतः पाहिले की “यंदा सण दोन दिवस का?” या दरवर्षीच्या वादात तुम्ही शांतपणे पान उघडून दाखवू शकता.

आपल्यासाठी उपयोगाची एक खूण आणखी. सूर्योदय आणि चंद्रोदयाच्या वेळा कोणत्या गावच्या छापल्या आहेत ते बघा. मुंबईच्या असतील तर नगरकरांनी त्यांतून सात-आठ मिनिटे वजा करावीत. मुंबई आणि नगर शहर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, १९ अंशांच्या किंचित वर, म्हणून हा फरक वर्षभर सारखाच राहतो. रेखांशात मात्र नगर पावणेदोन ते दोन अंश पूर्वेला आहे आणि एका अंशाला चार मिनिटे पडतात. आपला जिल्हा एवढा आडवा पसरला आहे की अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला सूर्य जामखेडपेक्षा सुमारे सहा मिनिटे उशिरा उगवतो. संकष्टीला सिद्धटेकच्या गणपतीला जाऊन उपास सोडणाऱ्यांनी मुंबईची वेळ धरून ताटकळत बसायचे कारण नाही.

हे सगळे कागदावरचे झाले. पंचांग बाहेर अंगणात नेऊन वाचले तर त्याची गोडी दुप्पट होते. पावसाळ्यात ढग असतात, म्हणून कार्तिकापासून सुरुवात करा. ओळीत त्या दिवशीचे नक्षत्र दिलेले असते. रात्री चंद्र त्याच तारकांजवळ दिसतो. कार्तिकी पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांच्या बारीक पुंजक्याच्या आसपास असतो, म्हणून तो कार्तिक. मार्गशीर्षातला मृगापाशी, चैत्रातला चित्रेपाशी. महिन्यांची नावे अशी आकाशातून खाली आली आहेत. रोहिणी तांबूस आहे, मृगाच्या मधले तीन तारे एका रेषेत आहेत, ही दोन ओळखली की बाकीची हळूहळू लागतात. भंडारदऱ्याच्या बाजूला किंवा पारनेरच्या माळावर अजून चांगला अंधार मिळतो. तिथे मुक्काम असेल तेव्हा पुस्तक सोबत ठेवा.

गुरू आणि शुक्राच्या अस्ताच्या तारखाही पंचांगात असतात. या काळात विवाहमुहूर्त का नसतात, असे वधूपक्ष-वरपक्ष विचारतात. त्यामागची आकाशातली घटना साधी आहे: तो ग्रह सूर्याच्या इतका जवळ आलेला असतो की उजेडात दिसत नाही. संध्याकाळी पश्चिमेला झळकणारा शुक्र छापलेल्या तारखेच्या सुमारास दिसेनासा होतो आणि काही दिवसांनी पहाटे पूर्वेला उगवतो. हे डोळ्यांनी पडताळणे मला मुहूर्ताच्या कोष्टकापेक्षा मोलाचे वाटते. गणेश दैवज्ञांनी १५२० साली ‘ग्रहलाघव’ रचला आणि पुढची कित्येक शतके महाराष्ट्रातली पंचांगे त्यावर झाली. काळाच्या ओघात त्या गणिताला आकाशाचा मेळ बसेना, तेव्हा एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्र्यांनी नव्या वेधांवर आधारलेले पंचांग सुरू केले. पुढे व्यंकटेश बापूजी केतकरांनी ते काम पुष्कळ पुढे नेले. आपल्या हातातला आकडा आज आकाशाशी जुळतो, त्यामागे या माणसांचे कष्ट आहेत.

आता पेन्सिल घ्या. वर्षाच्या सुरुवातीलाच एखादी सवडीची दुपार काढून सगळे महिने उलटा आणि आपल्या जिल्ह्याचे दिवस खुणावून ठेवा. बारा पानांवर सगळा नगर जिल्हा उभा राहतो. ३० या आकड्यासमोर शनिवार आला की शनिशिंगणापूरची वाट गर्दीने भरणार. वर्षात असे एखाद-दोनदा होते, कधी तीनदाही. वद्य चतुर्थीला मंगळवार आला की अंगारकी, सिद्धटेकला रांग. पौष पौर्णिमेला पारनेर तालुक्यात कोरठणचा खंडोबा. नवरात्रात पाथर्डीची मोहटादेवी आणि तिकडे अकोल्यात कळसूबाई. फाल्गुनात मढीची कानिफनाथांची यात्रा होळीपासून सुरू होते, रंगपंचमीला भरात येते आणि पाडव्यापर्यंत चालते. तिथला गाढवांचा बाजार दूरदूरपर्यंत प्रसिद्ध आहे. पानावर रंगपंचमीच्या खालच्याच ओळीत वद्य षष्ठी आहे, म्हणजे पैठणची नाथषष्ठी. शेवगावच्या पलीकडे गोदावरीकाठी वारकऱ्यांचा मेळा आणि अलीकडे डोंगरावर नाथपंथीयांचा, दोन्ही लागोपाठच्या तिथींना. पाडव्याला पैठणच्या गोदावरीचे पाणी कावडीने मढीला येते. फाल्गुनाचे ते एक पान वाचत मी हवा तितका वेळ बसू शकतो.

काही दिवस तिथीने चालतात, काही तारखेने, हेही या खुणा करताना ध्यानात येते. साईबाबांनी १५ ऑक्टोबर १९१८ ला शिर्डीत देह ठेवला, तो विजयादशमीचा दिवस होता. शिर्डीत पुण्यतिथी दसऱ्यालाच होते, मग तारीख कोणतीही असो. नगरजवळ मेहेराबादला अवतार मेहेरबाबांची अमरतिथी मात्र ३१ जानेवारी या तारखेनेच पाळतात. चौंडीला अहिल्यादेवींची जयंती ३१ मे या तारखेला. आणि नगर शहराचा मोहरम तिसऱ्याच गणिताने फिरतो. हिजरी वर्ष ३५४ दिवसांचे, त्यात अधिक महिना नाही, म्हणून सवारी दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि तेहतीस-एक वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून पुन्हा तिथेच पोचते. बडे इमाम, छोटे इमामच्या सवाऱ्या लहानपणी कडक उन्हात पाहिलेल्या माणसाने त्या पुढे थंडीत आणि पावसातही पाहिलेल्या असतात, त्याचे कारण हे.

शेतकरी वाचकांनी आता नीट लक्ष द्यावे, कारण पंचांगात दोन घड्याळे एका वेळी चालू असतात. सण चंद्रावर चालतात, पावसाची नक्षत्रे सूर्यावर. म्हणून दसरा-दिवाळी पुढेमागे होतात, पण मृग ७-८ जूनलाच लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला, उत्तरा १३ सप्टेंबरच्या आगेमागे आणि हस्त २७ सप्टेंबरच्या. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक महिना येतो आणि चंद्राच्या घड्याळाला सूर्याच्या मापावर आणतो. शके १९४८ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून २०२६. त्यामुळे त्यापुढचे सण उशिरा येतात. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला, म्हणजे हस्तात होता. २०२६ साली तो २० ऑक्टोबरला, म्हणजे चित्रा नक्षत्रात जातो. जो माणूस “दसऱ्याच्या सुमारास ज्वारी पेरायची” असे ठरवून बसतो त्याची पेरणी अशा वर्षी दोन-अडीच आठवड्यांनी हुकू शकते. कर्जत, जामखेड, श्रीगोंदा, पाथर्डीच्या कोरडवाहू रानात हा फरक कणसात दिसतो.

म्हणून पंचांगाच्या शेजारी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘कृषिदर्शनी’ ठेवा. तीही दरवर्षी निघते आणि तिला मी शेताचे पंचांगच म्हणतो. कोरडवाहू रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान करावी, अशी विद्यापीठाची शिफारस आहे. पंचांगाच्या भाषेत हा काळ मुख्यतः उत्तरा आणि हस्ताचा. आपली जुनी माणसे नेमके हेच सांगत आली. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा, हे मात्र पंचांगात नाही, ते ‘कृषिदर्शनी’त वाचायचे.

पावसाच्या नक्षत्रांना गावोगाव बोलीतली नावे आहेत. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूचा, पूर्वाचा सुनेचा, हस्ताचा हत्तीचा. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ही नावे आणि त्यामागच्या गोष्टी समजून घ्या, आणि पंचांगात त्या त्या नक्षत्रापुढे लिहून ठेवा.

नक्षत्राचे वाहन हा चाळताना सगळ्यात आधी उघडला जाणारा मजकूर. कोल्हा, बेडूक, म्हैस, हत्ती ही वाहने कशी ठरतात हे फार थोड्यांना ठाऊक असते. सूर्य नव्या नक्षत्रात शिरताना चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते बघायचे, सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत दोन्ही धरून मोजायचे आणि ९ ने भागायचे. बाकी १ घोडा, २ कोल्हा, ३ बेडूक, ४ मेंढा, ५ मोर, ६ उंदीर, ७ म्हैस, ८ गाढव, आणि शून्य उरल्यास हत्ती. ८ जून २०२५ ला सूर्य मृगात गेला तेव्हा चंद्र स्वातीत होता. मृगापासून स्वातीपर्यंत ११, बाकी २, म्हणून कोल्हा. बेडूक, म्हैस, हत्ती असले की भरपूर पाऊस आणि कोल्हा, मेंढा असले की ओढ, असा संकेत आहे. त्या वर्षी मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला होता, मृग लागायला बारा-तेरा दिवस असताना, आणि सप्टेंबरात आपल्या पाथर्डी-शेवगावकडे अतिवृष्टी झाली.

या गणितात वारा, ढग, समुद्र यांतले काहीच नाही, हे त्याची रीत पाहिली की स्पष्ट होते. शिवाय घाटघरच्या धो धो पावसाला आणि जामखेडच्या कोरड्या शिवाराला एकच वाहन कसे लागू पडेल? तेव्हा वाहन मजेने वाचा, पारावर त्यावर गप्पा करा, पण पेरणीचा निर्णय हवामान खात्याचा अंदाज आणि जमिनीतली ओल बघूनच घ्या. त्याहून चांगले काम सांगतो. अंगणात एक साधे पर्जन्यमापक लावा आणि दर पावसाचे मिलिमीटर त्या दिवसाच्या ओळीसमोर लिहा. पाच-सात वर्षांची अशी पंचांगे साठली की तुमच्या शिवारापुरते पावसाचे पुस्तक तयार होते. ते कोणत्याही दुकानात मिळत नाही.

मुहूर्ताची पाने, गुणमेलनाची कोष्टके, राशिभविष्य यांवर मी फार वेळ घालवत नाही. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी पाहावीत. पण त्यासाठी ठरलेले लग्न मोडू नये आणि दवाखान्यात जायचे दोन दिवस पुढे ढकलू नये. त्याऐवजी धर्मशास्त्रीय निर्णयांची पाने वाचा. एखादा सण दोन दिवसांपैकी कोणत्या दिवशी करायचा याची कारणे तिथे दिलेली असतात. कुठे सूर्योदयाची तिथी धरतात, कुठे मध्यान्हाची, कुठे प्रदोषाची. कारण कळले की नियम लक्षात राहतो. ग्रहणाचे पान वर्षाच्या सुरुवातीलाच बघून ठेवा. ग्रहण इथून दिसणार आहे की नाही हे तिथे लिहिलेले असते, आणि दिसणार असेल तर गच्चीवर मुलांना गोळा करून दाखवा. सूर्यग्रहणाला प्रमाणित चष्मा हवाच.

असे वर्षाचे पुस्तक घरात लटकवून वाचणारे आपण एकटेच नाही. अमेरिकेत १७९२ साली सुरू झालेले ‘ओल्ड फार्मर्स अल्मनॅक’ आजही दरवर्षी निघते. तिथल्या घरांत ते खिळ्याला अडकवून ठेवत, म्हणून त्याच्या कोपऱ्यात भोक पाडलेले असते. त्यातही सूर्योदय, चंद्राच्या कला, पेरणीच्या तारखा आणि हवामानाचे भाकीत असते. तिकडचा शेतकरी आणि राशीनचा शेतकरी या बाबतीत शेजारी शोभतील.

वर्ष संपले की पंचांग रद्दीत देऊ नका. समासात लिहिलेले पावसाचे आकडे, गाय व्यायल्याची तारीख, विहिरीला पाणी लागले तो दिवस, मुलाचा पहिला वाढदिवस, सारे त्यात आहे. दोरीने बांधून वर्षवारीने ठेवा आणि पाठीवर शक लिहा. आणि जुन्या वाड्यात, माळ्यावरच्या पेटीत हाताने लिहिलेले एखादे पंचांग सापडले, तर ते नदीत विसर्जन करण्याआधी नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयातल्या जाणकारांना एकदा जरूर दाखवा.